‘पोट्टं तर बाहेर गाडीवर होतं’: शंकरीटोला पोस्ट ऑफिसचं प्रकरण आणि साथीदाराचा गुन्हा

मागच्या महिन्यात एक मावशी ऑफिसला आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत एफआयआरची कॉपी, चार घड्या घातलेली. खुर्चीवर बसायच्या आधीच बोलल्या, "वकीलसाहेब, माह्यं पोट्टं आतमंदी गेलंच नाही, ते तर बाहेर गाडीवर बसून होतं, मंग त्याच्यावर मर्डर कसा काय लावला?" नागपूरला सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर हे वाक्य मला पाठ झालंय. कधी आई म्हणते, कधी बायको, कधी मोठा भाऊ. तो फक्त उभा होता, त्यानं फक्त गाडी आणली, फक्त लक्ष ठेवत होता. या ‘फक्त’वर पूर्ण केस उभी राहते किंवा पडते, आणि घरच्यांना तेच कोणी नीट समजावून सांगत नाही.

मावशींची केस कोर्टात आहे म्हणून तिच्याबद्दल इथं काही लिहिणार नाही. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका केसमध्ये आहे, शनिवारी संध्याकाळी ज्युनिअर पोरापोरींना घेऊन बसतो तेव्हा दरवर्षी हीच केस सगळ्यात पहिले घेतो, तर म्हटलं एकदा सगळी लिहूनच काढावी.

3 ऑगस्ट 1923, कलकत्ता, शंकरीटोला पोस्ट ऑफिस. सब-पोस्टमास्तर मागच्या खोलीत टेबलावर पैसे मोजत बसलेला. त्या खोलीला अंगणाकडून एक दार होतं. त्या दारातून काही जण आले, दाराच्या जेमतेम आत आले आणि म्हणाले पैसे दे. आणि लगेच, म्हंजे त्यानं हो-नाही म्हणायच्या आतच जवळपास, पिस्तुलं झाडली. एक गोळी हाताला लागली, एक बगलेजवळ, पोस्टमास्तर तिथंच गेला. आणि पैसे? एक रुपया उचलला नाही. सगळे पळाले, पळता पळता वेगवेगळ्या दिशेनं फुटले. त्यातल्या एकाच्या मागं पोस्टातला असिस्टंट आणि आणखी लोक लागले, त्यानं पळताना मागं बऱ्याच गोळ्या झाडल्या तरी लोकांनी पिच्छा सोडला नाही, शेवटी धरला, आणि धरला तेव्हा पिस्तूल हातातच होतं. बाकीचे निसटले. धरलेला तो बरेंद्र कुमार घोष, कायद्याच्या पुस्तकात केसला त्याचंच नाव आहे.

पैसे मोजत बसलेला पगारी माणूस, दुपारी घरी जाऊन जेवायचा असेल, तो मेला. साथीदाराच्या कायद्यावर बोलताना आपण वकील लोक त्याला पहिल्या दोन मिनिटांत विसरून जातो. मी पोरांना सांगतो, युक्तिवाद करा, पण टेबलावरचा माणूस डोळ्यासमोरून हलवू नका, कारण जज तो हलवत नाही.

आता सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की बरेंद्रनं पण पोस्टमास्तरवर गोळी झाडली. आणि बरेंद्रचं स्वतःचं म्हणणं काय होतं? की मी आत नव्हतो, मी बाहेर अंगणात उभा होतो आणि घाबरून गेलो होतो. म्हंजे घ्या, मावशींच्या पोट्ट्याचाच बचाव, फक्त गाडीच्या जागी अंगण.

खटला ज्युरीपुढं, म्हंजे निवडलेल्या सामान्य नागरिकांपुढं चालला. जजनी ज्युरीला सांगितलं ते साधारण असं, की तुमची खात्री पटली की पोस्टमास्तरचा खून या सगळ्यांच्या समान इराद्याला धरून झाला, तर या माणसानं प्राणघातक गोळी झाडली की नाही याला महत्त्व नाही, तो खुनाचाच दोषी. ज्युरीनं दोषी ठरवलं, फाशीची शिक्षा झाली. मग जजनी ज्युरीला सांगितलेला कायदा बरोबर होता का, हा प्रश्न कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपुढं गेला, तिथं पण टिकला, आणि शेवटी लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढं, म्हंजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टापुढं.

बचावाच्या वकिलाचा मुद्दा हलका नव्हता, उलट फार हुशारीचा होता, तो नीट समजून घ्या. भारतीय दंड संहितेचं कलम 34 सांगायचं, अनेकांनी मिळून सगळ्यांच्या समान इराद्याला धरून एखादं गुन्हेगारी कृत्य केलं तर प्रत्येक जण असा जबाबदार जसं काही ते त्यानं एकट्यानंच केलं. आज हेच शब्द तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 3(5) मध्ये आहेत, 1 जुलै 2024 पासून. वकील म्हणाला, "कृत्य" म्हंजे कोणतं कृत्य? मारणारी गोळी. ती तर एकानंच किंवा दोघांनीच झाडली. दुसऱ्यानं झाडली आणि नेम चुकला, तिसरा उभाच राहिला, तर त्यांनी ‘ते’ कृत्य केलंच नाही, मग 34 लागतं कसं? आणि हे हवेतलं नव्हतं, 1914 साली कलकत्त्यातच निर्मल कांत रायच्या केसमध्ये न्यायमूर्ती स्टीफन यांनी जवळपास असाच अर्थ लावला होता, तोही आरोपीच्या बाजूनं.

प्रिव्ही कौन्सिलमध्ये निकाल लॉर्ड समनर यांनी लिहिला, 1924 च्या ऑक्टोबरमध्ये. ते म्हणाले, हा अर्थ घेतला तर काय होते पहा: तिघं एकाच वेळी गोळ्या झाडतात, तिन्ही डोक्यात शिरल्या तर तिघंही खुनी, पण एक नुसती कानाला चाटून गेली आणि ती कोणाची ते सिद्ध झालं नाही, म्हंजे तिघंही खुनातून सुटले. असा कायदा कोणी कशाला करेल? कलम 33 म्हणते की कृत्य या शब्दात कृत्यांची मालिका पण येते. तर कृत्य म्हंजे एकटी गोळी नाही, येणं, दार अडवणं, पैसे दे म्हणणं, गोळी, बाहेर उभं राहणं, हे सगळं मिळून एक वागणूक, आणि ती एकट्यानं केली असती तर ज्या गोष्टीची शिक्षा झाली असती ती प्रत्येकाला. आणि मग त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य, एका जुन्या इंग्रजी कवीची ओळ घेऊन, की तो दाराबाहेर नुसता उभा होता असं धरलं तरी इतर गोष्टींसारखंच गुन्ह्यात पण जे नुसते उभे राहून वाट पाहतात ते पण सेवाच करत असतात. अपील फेटाळलं.

हे वाक्य आता प्रत्येक सरकारी वकिलाच्या तोंडी आहे आणि माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. निकाल कायद्यानं बरोबर आहे, मला त्याबद्दल शंका नाही. दारावर राखण करणारा नसता तर आतला आत गेलाच नसता, गाडी चालू ठेवून बसणारा नसता तर दरोड्याचा प्लॅनच झाला नसता, तेव्हा बाहेर उभं राहणं हे कामच आहे, कामाच्या बाजूला उभं राहणं नाही. पण लोकं वाक्याचा अर्धाच भाग उचलतात. उभं राहणं उचलतात आणि "सगळ्यांच्या समान इराद्याला धरून" हे सोडून देतात. हे शब्द मूळ 1860 च्या कलमात नव्हतेच, 1870 च्या दुरुस्तीनं मुद्दाम टाकले, आणि ते का टाकले याचं कारणच हे की सोबत असलेला प्रत्येक जण आपोआप खुनी ठरू नये. शंकरीटोल्यात हातात पिस्तूल घेऊन पळणारा माणूस होता, पळताना लोकांवर गोळ्या झाडणारा. त्याचा इरादा शोधायला फार लांब जावं लागत नव्हतं. तेच वाक्य उचलून बुलेट गाडीवर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोट्ट्याला लावताना मधला पूर्ण पुरावा गाळला जातो, आणि हे होऊन राहिलं, रोज.

आता इथं नागपूरचा माणूस येतो आणि मला ते सांगताना बरं वाटते. विवियन बोस. 1949 ते 1951 आपल्या नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस, मग सुप्रीम कोर्टात गेले. कलम 34 वरचे दोन निकाल त्यांनी लिहिले, दोन्ही 1955 च्या रिपोर्टात, म्हंजे निकालांच्या छापील संग्रहात सापडतात. एक पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य. पाच जण कुऱ्हाडी-काठ्या घेऊन एका माणसावर तुटून पडले, तो मेला. बोस म्हणाले, सगळ्यांचा इरादा सारखा असणं वेगळं आणि सगळ्यांचा मिळून एक इरादा असणं वेगळं, मधली भिंत पातळ आहे पण ती खरी आहे, आणि ती दिसली नाही तर अन्याय होते. आधी ठरवलं होतं, मनं जुळली होती, हे सिद्ध व्हायला पाहिजे, भले ते ठरणं जागेवर ऐनवेळी झालं असेल. पांडुरंग खुनाच्या दोषातून सुटला, त्याला कलम 326 खाली, म्हंजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत केल्याची शिक्षा राहिली.

दुसरा निकाल देहूच्या मिलिटरी डेपोतला माल बाहेर काढल्याचा, मुनिपल्ली यांची केस. त्यात बोस यांनी अगदी आपल्याच प्रश्नावर बोट ठेवलंय: माणूस त्याच खोलीत असायला पाहिजे असं नाही, तो फाटकाबाहेर उभा राहून कोणी आलं तर सावध करू शकतो, जवळच्या रस्त्यावर गाडीत थांबून पळवून न्यायची तयारी ठेवू शकतो, पण तो घटनास्थळी पाहिजे आणि गुन्हा चालू असताना काही ना काही भाग त्यानं घेतलेला पाहिजे. (नंतर 1960 च्या जयकृष्णदास देसाईंच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की काही गुन्ह्यांत जागेवर हजर नसला तरी चालते, पण ती कापडाच्या अपहाराची केस होती, पिस्तुलाची नाही.) म्हंजे गाडीवाला सुटतो असं बोस म्हणत नाहीत, उलट गाडीवाला येतो असंच म्हणतात. फक्त तो का थांबला होता हे दाखवा.

शनिवारी पोरांना मी एक मनानं रचलेली गोष्ट देतो, कुठल्याही खऱ्या घटनेवरची नाही. इतवारीच्या बाजारात एक सराफा दुकान, रात्री शटर अर्धं खाली आलेलं. तीन पोट्टे आत जातात, एकाच्या कमरेला देशी कट्टा, म्हंजे गावठी पिस्तूल. चौथा गल्लीच्या तोंडावर गाडी चालू ठेवून. दुकानदार ओरडतो, कट्टेवाला घाबरून गोळी मारतो, माणूस जागेवर जातो, काही न घेता चौघं पळतात. चौथ्याचं काय?

पहिले जबरी चोरीचा प्रयत्न, न्याय संहितेचं कलम 309(5), सात वर्षांपर्यंत. मग 309(6), जबरी चोरी करताना किंवा तिचा प्रयत्न करताना इजा, इथं कायदा स्पष्ट म्हणते की जो कोणी सोबत सामील होता तो पण, आणि यात जन्मठेप पण होऊ शकते. यापर्यंत चौथा कसाही सापडतोच. आता घातक हत्यार वापरल्याची किमान सात वर्षांची जी शिक्षा आहे, जुनं 397 आणि आताचं 311, ती त्याला लागत नाही, कारण 1975 च्या फूलकुमार केसपासून सुप्रीम कोर्ट म्हणते की हत्यार ज्यानं वापरलं त्यालाच, सोबतच्याला उसनी देता येत नाही. पोरं इथं खूश होतात. मग मी म्हणतो थांबा, आणि खून? कलम 103 ला 3(5) जोडलं आणि समान इरादा सिद्ध झाला तर चौथ्याला कमीत कमी जन्मठेप. जजची इच्छा असली तरी त्याखाली जाता येत नाही. म्हंजे ज्याच्या हातात हत्यारच नव्हतं त्याला हत्याराची सात वर्षं नाही, पण खुनाची जन्मठेप आहे. वर्गात शांतता होते इथं.

आणि आता पाचवा माणूस आणा. कोपऱ्यावर अजून एक उभा, लक्ष ठेवायला. पाच झाले की तो दरोडा, आणि हजर राहून मदत करणारा पण त्या पाचात मोजला जातो. मग 310(3), जुनं 396: दरोडा टाकताना पाचातल्या कोणीही खून केला तरी प्रत्येकाला फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षं. इथं सरकारला समान इरादा दाखवावाच लागत नाही, दरोड्यात होता इतकं पुरते. म्हणून चार्जशीट हातात आली की मी पहिले डोकी मोजतो. पोलिस पण मोजतात.

इंग्लंडात एक जुना नियम होता की मोठा गुन्हा करताना माणूस मेला की इरादा असो-नसो खूनच, त्यांनी तो 1957 साली कायद्यानं काढून टाकला, अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत तो अजून आहे. आपल्याकडं तो सरसकट नियम नाहीच, पाच जणांचा दरोडा ही त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट. चार जण असतील तर कोर्टाला चौथ्याच्या मनात शिरावंच लागते, आणि लोकांना हे पटत नाही, पेपरात बातमी वाचून म्हणतात सगळ्यांना लटकवा. मी समजू शकतो. पण जो दुकानदार मेला त्याच्या घरच्यांना सुद्धा खरा मारणारा कोण, ठरवणारा कोण आणि ओढला गेलेला कोण हे कळायचा हक्क आहे, सगळ्यांना एका गाठोड्यात बांधलं की ते त्यांना कधीच कळत नाही.

मनात शिरायचं कसं? एकच प्रश्न, बाकी सगळे त्याच्या पोटात: कट्टा सोबत आहे हे चौथ्याला माहीत होतं का. माहीत असेल, भरलेला आहे हे माहीत असेल, तर "मारायचं ठरलं नव्हतं" याला कोर्टात फार वजन राहत नाही, कारण भरलेलं हत्यार घेऊन लुटायला जाणाऱ्यानं वेळ आली तर चालवायचं हे मनाशी मान्य केलेलं असते असंच जज धरतात. माहीत नसेल, त्याला वाटत होतं की धमकावून पैसे घेणार, तर मग गोष्ट वेगळी, तेव्हा तो जबरी चोरीच्या प्रयत्नाचा दोषी राहील, खुनाचा नाही, आणि खुनात जन्मठेपेच्या खाली जाताच येत नाही, इथं काही वर्षांवर निभावू शकते, इतका फरक आहे.

1923 मध्ये यासाठी डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार आणि हातातलं पिस्तूल एवढंच होतं. आता सीडीआर, म्हंजे फोन कॉलची नोंद आहे, टॉवर लोकेशन आहे, गल्लीगल्लीत सीसीटीव्ही आहे. मी ज्युनिअरला सांगतो, घटनेच्या रात्रीचं फुटेज सगळेच पाहतात, तू आदल्या दिवशीचं पाहा. चौथा रेकी करायला सोबत होता का? कट्टा जिथून आणला त्या भागात त्याचा फोन होता का? गोळीचा आवाज आल्यावर गाडीवाल्यानं काय केलं, गाडी काढून निघून गेला की तिघांना बसवून नेलं? मग कोणाच्या घरी लपले, पुढचे दोन दिवस फोन चालू होता की बंद? नंतरचं वागणं एकट्यानं काही सिद्ध करत नाही, घाबरलेला पोरगा पण पळतोच, पण ते बाकीच्या पुराव्याला जोडलं जाते. आणि ते फुटेज कोर्टात आणायला साक्ष अधिनियमाच्या, म्हंजे पुराव्याच्या कायद्याच्या कलम 63(4) चं सर्टिफिकेट लागते, ते नीट नसेल तर कितीही स्पष्ट चेहरा दिसो, उपयोग नाही.

राहिला माफीचा साक्षीदार. चौघांतला एक फुटतो, बऱ्याचदा गाडीवालाच, कारण त्याला वाचायला सगळ्यात जास्त जागा दिसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हंजे फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याच्या कलम 343 खाली त्याला माफी देता येते, अट एकच, सगळं खरं सांग, काही लपवू नको. पण साथीदाराची साक्ष कोर्ट संशयानंच पाहते, स्वतःचं वाचवायला दुसऱ्यावर ढकलणं सोपं असते म्हणून. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 138 मध्ये तर आता सरळ लिहिलंय की साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा चालेल ती पुष्टी असलेल्या साक्षीवर, म्हंजे दुसऱ्या पुराव्याचा आधार पाहिजे. मला हा बदल मनापासून आवडला. जो कट्टा आणायला गेला त्यानंच माफीचा साक्षीदार व्हायचं आणि गल्लीच्या तोंडावर उभ्या पोराला जन्मठेप, हे होऊ शकते, म्हणून पुष्टी पाहिजेच.

घरच्यांना एक कळकळीची गोष्ट. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, फक्त त्यातून जी वस्तू सापडली तेवढा भाग चालतो. म्हणून "त्यानं तर सगळं कबूल केलं, आता काय उरलं" असं म्हणून घरी बसू नका. आणि पोराला भेटाल तेव्हा त्याला काय बोलायचं ते शिकवू नका, वकिलाला खरं सांग म्हणा. मला खोटी गोष्ट सांगितली तर ती उलटतपासणीत पहिल्या तासात फाटते आणि मग जी खरी होती ती पण कोणी ऐकत नाही.

मावशींना मी हे सगळं त्या दिवशी इतकं नाही सांगितलं. शंकरीटोला, लंडन, विवियन बोस, त्यांना काय करायचं. मी विचारलं, त्या संध्याकाळी घरून निघताना तो काय म्हणाला, सोबत कोण आलं होतं, गाडी कोणाची. त्यांनी सांगितलं, मी वहीत लिहून राहिलो होतो. मग त्या एकदम थांबल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, आणि म्हणाल्या, "साहेब, पेट्रोल टाकाले शंभर रुपये म्याच देल्ले होते त्याले. मंग माह्यावर पण काही होते का?"

मी म्हटलं, "नाही मावशी. तुम्हाला माहीतच नव्हतं ना तो कशाला चालला ते."

"त्याले तरी कुठं माहीत होतं," त्या म्हणाल्या.